सौद्याच्या शेडमध्ये माणसांचा माग: कॅमेऱ्यापासून मोजणीपर्यंत

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की सौद्याच्या शेडमध्ये व्यापारी, अडते, हमाल, तोलाईवाले आणि माल घेऊन आलेले शेतकरी एकाच वेळी वावरत असतात. अशा जागी सीसीटीव्ही बहुधा आधीच असतो. त्याच चित्रणातून आत किती माणसं आहेत, कुठल्या दाराने येतात, घोळका कुठे अडतो हे संगणकाकडून काढून घेता येतं. पण चित्रातली माणसं ओळखणारं तयार मॉडेल (आधीच शिकवलेला प्रोग्राम) नुसतं जोडून दिलं, तर एकाच माणसाला पुन्हापुन्हा नवा क्रमांक मिळतो, चाळीस माणसांच्या शेडमध्ये सहज तीन-चारशे क्रमांक वाटले जातात आणि त्या आकड्यांवर कुणाचा विश्वास उरत नाही. दोष बहुतेक वेळा अल्गोरिदमचा नसतो. कॅमेरा कुठे टांगलाय आणि सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, पोचतायत, इथेच अर्धी लढाई जिंकली किंवा हरली जाते.

आधी प्रश्न ठरवा

दारातून आत-बाहेर किती गेले, हे सगळ्यात सोपं काम. त्यासाठी माणसाचा माग, म्हणजे फ्रेममागून फ्रेम त्याचा तोच क्रमांक, दोन-तीन सेकंद टिकला तरी पुरतो. शेडच्या कोणत्या भागात गर्दी आहे, यासाठी माग लागतच नाही. प्रत्येक फ्रेममधली माणसं मोजली की झालं. एकच माणूस आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठे कुठे फिरला, हे सगळ्यात अवघड. मागणी बहुतेक वेळा तिसऱ्याची होते आणि गरज पहिल्या दोनचीच असते. हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय एक स्क्रूही पिळू नका.

खांद्याला खांदा लागणाऱ्या गर्दीत माग ठेवण्याचा हट्ट धरू नये. २५ जानेवारी २००५ ला सातारा जिल्ह्यात मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून जास्त भाविक गेले. अशा ठिकाणी दर चौरस मीटरमागे किती माणसं उभी आहेत, एवढंच पाहावं. हा आकडा चारच्या पुढे गेला की धोका वाढत जातो. सहा-सातला पोचला की माणूस स्वतःच्या मर्जीने हलूच शकत नाही. तिथे प्रत्येक माणसाभोवती चौकट काढणारं मॉडेल निम्मी डोकी गाळतं आणि गर्दी आहे त्याहून कमी दाखवतं. जत्रेत याहून वाईट चूक दुसरी नाही. तिथे घनता काढणारी वेगळी मॉडेलं लागतात. हे मार्गदर्शन शेड, बसस्थानक, मंगल कार्यालय अशा मध्यम गर्दीच्या जागांसाठी आहे.

कॅमेरा

उंची साडेतीन ते साडेचार मीटर ठेवा आणि कॅमेरा खाली ३० ते ४५ अंश झुकवा. याहून खाली टांगला तर पुढचा माणूस मागच्याला पूर्ण झाकतो. फार वर नेऊन सरळ खाली पाहायला लावला तर नुसती डोकी आणि खांदे दिसतात. तयार मॉडेलं ज्या छायाचित्रांवर शिकलेली असतात त्यांत असा कोन क्वचितच असतो. दारावर सरळ खाली पाहणारा कॅमेरा मोजणीला उत्तम, पण मग आपल्याच दाराच्या काही शे फ्रेमवर खुणा करून मॉडेलला पुन्हा शिकवावं लागतं.

लेन्स निवडताना एकच हिशोब करा: एका मीटरला किती पिक्सेल मिळतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. ४ मिलिमीटरची लेन्स साधारण ८० अंश पाहते, म्हणजे नऊ मीटरवर सुमारे १५ मीटर रुंदी दिसते. १९२० भागिले १५ म्हणजे मीटरला १२८ पिक्सेल. १.६ मीटर उंचीचा माणूस तिथे २०० पिक्सेलचा दिसेल. दुप्पट अंतरावर तोच १०० पिक्सेलचा, आणि कॅमेरा तिरका पाहत असल्याने त्याहूनही थोडा आखूड. आता मॉडेलला चित्र देताना ते ६४० पिक्सेलपर्यंत लहान केलं जातं. तिसरा हिस्सा धरला तर लांबचा माणूस ३३ पिक्सेलचा उरला. टेबलाआड अर्धा झाकलेला असेल तर १५. 'मॉडेल लांबची माणसं पकडत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. चित्र १२८० ने द्यावं, मात्र गणिताचं ओझं चौपट होतं. शक्य असेल तर दुसरा कॅमेरा लावणं स्वस्त पडतं.

शटर हाताने ठरवा. ऑटोवर सोडला तर संध्याकाळी तो १/२५ सेकंदावर येतो. तेवढ्यात चालणारा माणूस पाच सेंटिमीटर सरकतो, त्याच्या कडा फिसकटतात. १/१०० ठेवला तर हे फिसकटणं चौथ्या हिश्श्यावर येतं, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटच्या पट्ट्याही चित्रात फिरत नाहीत. उजेड कमी पडला तर दिवा वाढवावा, शटर नाही. शेडच्या तोंडाशी बाहेर रणरणतं ऊन आणि आत अंधार असतो, तिथे डब्ल्यूडीआर (उजळ आणि अंधारा भाग एकाच चित्रात नीट दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू करा. नाहीतर आत येणारा माणूस चार पावलं काळी सावलीच राहतो आणि नेमकी मोजणीची रेघ तिथेच असते.

हळदीच्या शेडची स्वतःची एक अडचण आहे. पोती पालथी केली की बारीक पिवळी धूळ उडते आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बसते. दिवसा चित्र जरासं धुरकट वाटतं, एवढंच. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे त्याच धुळीवर उजळतात आणि अख्ख्या चित्रावर पांढरा पडदा येतो. घुमटाच्या आकाराचा कॅमेरा इथे टाळा, कारण त्याचे दिवे आणि लेन्स एकाच काचेआड असतात. नळीच्या आकाराचा बुलेट कॅमेरा घ्या, इन्फ्रारेड बंद ठेवून साधा पांढरा एलईडी दिवा लांबवर लावा, आणि हंगामात आठवड्यातून दोनदा काच कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आधी ब्लोअरने धूळ उडवा. तशीच घासली तर काचेवर ओरखडे पडतात.

फ्रेम संगणकापर्यंत आणताना

रेकॉर्डरकडून आरटीएसपीने (जाळ्यावरून चित्रण पाठवण्याची पद्धत) प्रवाह घ्या, तोही टीसीपीवरून, म्हणजे हरवलेलं पाकीट पुन्हा मागवणाऱ्या मार्गाने. यूडीपी हरवलेलं पाकीट परत मागवत नाही; त्यावर पाकिटं गळाली की चित्राचा खालचा अर्धा भाग राखाडी होऊन ओघळतो, आणि माणसांचे पाय तिथेच असतात. कॅमेऱ्याचा दुय्यम, लहान चित्राचा प्रवाह (सबस्ट्रीम) बहुधा ७०४ गुणिले ५७६ किंवा त्याहून लहान असतो. वर केलेला पिक्सेलचा हिशोब त्यावर बसत नाही, म्हणून मुख्य प्रवाहच घ्या. कॅमेऱ्यातलं 'स्मार्ट' कॉम्प्रेशन बंद करा. जागा वाचवण्यासाठी ते स्थिर उभ्या माणसांचे तपशील पुसत जातं.

ओपनसीव्ही या चित्रं हाताळणाऱ्या मोफत साधनाने फ्रेम वाचताना एक खोड कायम नडते. संगणक सेकंदाला ८ फ्रेम हाताळतो, कॅमेरा २५ पाठवतो, मग उरलेल्या साचत जातात आणि तासाभरात पडद्यावरचं चित्र कित्येक मिनिटं मागे पडतं. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यात) ठेवा आणि फक्त ताजी फ्रेम पुढे द्या. पण ती ठरलेल्या तालात द्या. माग ठेवणाऱ्या साधनातलं काल्मन फिल्टर नावाचं गणित दोन फ्रेममधलं वेळेचं अंतर सारखं आहे असं धरून माणसाची पुढची जागा वर्तवतं. कधी ४० मिलिसेकंद, कधी ३०० असं झालं की अंदाज ढळतो आणि क्रमांक तुटतात. संगणकाला आरामात झेपेल तो दर घ्या, समजा १०, आणि तोच धरून ठेवा.

दहाच का, ते पाहा. माणूस सेकंदाला साधारण १.३ मीटर चालतो. दहाच्या दराने दोन फ्रेममध्ये तो १३ सेंटिमीटर सरकतो. त्याची चौकट अर्धा मीटर रुंद धरली, तर जुन्या आणि नव्या चौकटीतला सामाईक भाग ३७ आणि दोन्ही मिळून व्यापलेली रुंदी ६३, भागाकार ०.५९. ओळख सहज पटते. पाचच्या दराने तो २६ सेंटिमीटर सरकेल आणि भागाकार ०.३२ वर येईल, म्हणजे काठावर. दोनच्या दराने ६५ सेंटिमीटर. चौकटी एकमेकींना शिवतच नाहीत. काल्मन फिल्टर वेग ओळखून हे थोडं सावरतो, पण नव्याने दिसलेल्या माणसाचा वेग त्याला पहिल्या काही फ्रेममध्ये ठाऊक नसतो. आठच्या खाली उतरू नका. अचूक पण संथ मोठ्या मॉडेलपेक्षा दहाच्या दराने चालणारं लहान मॉडेल या कामात जास्त खरं उत्तर देतं.

मॉडेल आणि ट्रॅकर

माणसं ओळखायला योलो घराण्यातलं लहान किंवा मध्यम मॉडेल घ्या आणि ते ज्या कोको चित्रसंचावर शिकलेलं असतं त्यातल्या ८० वर्गांपैकी फक्त शून्य क्रमांकाचा, म्हणजे माणसाचा, वर्ग चालू ठेवा. १२ जीबी मेमरीचं एनव्हिडियाचं मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड दहाच्या दराने तीन-चार कॅमेरे ओढतं. विकायचं सॉफ्टवेअर बनवत असाल तर परवाना आधी वाचा: अल्ट्रालिटिक्सचं योलो एजीपीएल ३.० वर आहे (यात आपला कोडही खुला करावा लागतो), योलोएक्स अपाचे २.० वर (यात तशी अट नाही).

चौकटी फ्रेममागून फ्रेम जोडणारं साधन म्हणजे ट्रॅकर. आजचे बहुतेक ट्रॅकर २०१६ च्या सॉर्टवर उभे आहेत: काल्मन फिल्टरने जागेचा अंदाज, मग हंगेरियन पद्धतीने जुन्या आणि नव्या चौकटींच्या जोड्या. २०१७ च्या डीपसॉर्टने त्यात दिसण्याची, म्हणजे कपड्यांची वगैरे, तुलना आणली. शेडसाठी सुरुवात २०२१ च्या बाइटट्रॅकने करा. त्याचं कारण हमालाकडे पाहिलं की कळतं. पोतं पाठीवर घेतलेला हमाल कमरेत वाकलेला असतो, डोकं पोत्याखाली असतं. मॉडेल प्रत्येक चौकटीला आपली खात्री, म्हणजे विश्वास, ० ते १ मध्ये देतं; त्याला तो 'माणूस' म्हणून जेमतेम ०.३ विश्वासाने दिसतो. साधा ट्रॅकर ०.५ खालच्या चौकटी फेकून देतो, आणि पोतं उतरवून हमाल सरळ उभा राहिला की त्याला नवा क्रमांक लावतो. बाइटट्रॅक आधी भक्कम चौकटी जोडून घेतो, मग उरलेले जुने माग कमकुवत चौकटींशी जुळवून पाहतो. वाकलेला हमाल या दुसऱ्या फेरीत सापडतो.

आणि इथेच लोक हमखास चूक करतात. खोट्या चौकटी नकोत म्हणून मॉडेल चालवतानाच विश्वासाची मर्यादा ०.५ देऊन टाकतात. मग कमकुवत चौकटी ट्रॅकरपर्यंत पोचतच नाहीत, दुसरी फेरी रिकामी चालते. मॉडेलची मर्यादा ०.१ ठेवा, गाळायचं काम ट्रॅकरवर सोपवा. ट्रॅकरमध्ये वरची मर्यादा ०.५, खालची ०.१ आणि नवा माग सुरू करण्याची ०.६ इथून सुरुवात करा. नव्या मागाची मर्यादा मुद्दाम चढी, कारण खांबाला टांगलेला सदरा किंवा पोत्यांची थप्पी अधूनमधून 'माणूस' म्हणून चमकते.

ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये 'मॅच थ्रेशोल्ड' ०.८ दिसला की ८० टक्के चौकट जुळली पाहिजे असं वाटतं. अर्थ उलटा आहे. ती अंतराची मर्यादा आहे, म्हणजे चौकटी साधारण २० टक्के जुळल्या तरी जोडी लागू शकते. कडक करायच्या नादात ०.९ करू नका, ते सैल होतं. 'ट्रॅक बफर' ३० म्हणजे दिसेनासा झालेला माग किती फ्रेम जिवंत ठेवायचा. दहाच्या दराने ३ सेकंद. शेडच्या खांबाआड माणूस एक-दीड सेकंद जातो, त्याला हे भरपूर. १०० केलं तर खांबाआड गेलेल्या माणसाचा क्रमांक तिथून निघालेल्या दुसऱ्याच कुणाला जाऊन चिकटतो. आणि खांबाआड थांबून कुणी गप्पा मारत राहिला, तर फिल्टरचा अंदाज जुन्या वेगाने पुढे सरकत राहतो. माणूस परत दिसतो तेव्हा अंदाज भलतीकडेच पोचलेला असतो. यावर बफर वाढवणं हा इलाज नाही. ओसी-सॉर्ट हा ट्रॅकर वापरून पाहा, तो हीच चूक धरून बनवलाय.

फ्रेम एकेक करून देत असाल तर 'पर्सिस्ट' (आधीचे माग लक्षात ठेवण्याचं सेटिंग) चालू आहे ना, पाहा. बंद असेल तर ट्रॅकर प्रत्येक फ्रेमला नव्याने सुरू होतो. आणि प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळा ट्रॅकर द्या. एकाच ट्रॅकरमध्ये दोन कॅमेऱ्यांच्या फ्रेम आलटून पालटून टाकल्या तर सगळा गोपाळकाला होतो.

जमिनीचा नकाशा

चित्रातले पिक्सेल मीटरमध्ये बदलल्याशिवाय घनता किंवा वेग काढता येत नाही. शेड रिकामी असताना फरशीवर ६ गुणिले ८ मीटरचा चौकोन चुन्याने आखा. दोन्ही कर्ण टेपने मोजा. बरोबर १० मीटर आले तरच कोपरे काटकोनात आहेत. चार कोपरे चित्रात कुठे पडतात ते टिपलं की होमोग्राफी, म्हणजे पिक्सेलवरून फरशीवरची जागा काढण्याचं सूत्र, निघते. आणखी चार-सहा खुणा केल्या तर उत्तम. एक खूण हिशोबातून बाहेर ठेवा आणि तिची जागा सूत्राने काढून टेपशी ताडून पाहा. २० सेंटिमीटरच्या आत फरक आला तर चालेल. जास्त आला तर आधी लेन्सचा वाकडेपणा काढा, २.८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये कडेच्या सरळ भिंती डोळ्यांनाही वाकलेल्या दिसतात.

माणसाची जागा म्हणजे चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य, जिथे पाय टेकतात. पण पाय पोत्यांआड गेले की चौकट कमरेपाशी संपते आणि नकाशावर माणूस एका फटक्यात दोन-तीन मीटर मागे उडी मारतो. चौकटीची उंची एकदम तिसऱ्या हिश्श्याने घटली तर खालची कड मानू नका. डोक्याची जागा आणि त्याच माणसाची आधीची उंची यांवरून पाय कुठे असतील ते काढा. थप्पीवर चढलेल्या माणसासाठी हा नकाशा खोटाच बोलतो, कारण तो फरशीवर नाही. थप्पीची जागा नकाशात आखून त्या भागातला वेग आणि अंतर हिशोबात धरू नका.

मोजणीची रेघ

दिवसभरात किती वेगळे क्रमांक दिले गेले, तो आकडा माणसांचा नव्हे. मोजणी रेघेवरच करा. रेघ चित्राच्या काठावर नको, तिथे चौकट अर्धी कापलेली असते. चहाच्या टपरीसमोर किंवा काट्याजवळही नको, तिथे माणसं रेंगाळतात आणि एकच जण रेघेवर मागेपुढे होऊन पाच वेळा मोजला जातो. एकाऐवजी मीटरभर अंतराच्या दोन रेघा आखा. पहिली ओलांडून दुसरी ओलांडली तरच 'आत'. उलट क्रमाने झालं तर 'बाहेर'. निदान ५ फ्रेम जगलेला मागच धरा. आत-बाहेरच्या फरकातून आतली संख्या काढत असाल तर चुका साचत जातात, म्हणून रोज शेड रिकामी झाली की आकडा शून्यावर आणा.

सौदा चालू असताना व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकतो. वीस-पंचवीस माणसं, एकमेकांना चिकटून, सगळी मधल्या ढिगाकडे वाकलेली. तिथे क्रमांकांची अदलाबदल होणारच. घोळक्यातल्या व्यक्तींचा माग सोडून द्या. घोळका एक गट म्हणून नकाशावर ठेवा आणि त्याची जागा व माणसांची संख्या एवढंच नोंदवा.

एकाहून जास्त कॅमेरे

दोन कॅमेऱ्यांत तोच माणूस आहे हे ओळखायला पुनर्ओळखीची मॉडेलं आहेत, २०१९ चं ओएसनेट त्यातलं हलकं. ती मुख्यतः कपड्यांचा रंग आणि ठेवण पाहतात. लोणंद-फलटणच्या वाटेवरच्या पालखीत पांढरा सदरा, धोतर आणि टोपी घातलेले हजारो वारकरी त्यांना एकच माणूस वाटतील. पांढऱ्या कपड्यांतले शेतकरी आणि सारख्या पोशाखातले हमाल यांचंही तसंच. शेडमध्ये कपड्यांवर विसंबू नका. दोन कॅमेऱ्यांची दृश्यं दोन-तीन मीटर एकमेकांवर येऊ द्या, दोन्ही एकाच फरशीच्या नकाशावर आणा, आणि त्याच क्षणी अर्ध्या मीटरच्या आत असलेले माग जोडा. त्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एनटीपीने (जाळ्यावरून घड्याळं जुळवण्याची पद्धत) एकाच रेकॉर्डरशी मिळवा. एका सेकंदाचा फरक म्हणजे नकाशावर १.३ मीटरची चूक. मग शेजारचाच माणूस जोडला जातो.

पडताळणी

सकाळ, भर सौदा आणि संध्याकाळ अशा तीन मिनिटांच्या तीन फिती घ्या. सीव्हॅट या चित्रांवर खुणा करण्याच्या साधनात हाताने चौकटी काढा. दर दहाव्या फ्रेमला खूण केली की मधल्या आपोआप भरतात, आपण फक्त दुरुस्त करायच्या. मग हाताच्या चौकटींशी ताडून यंत्रणेच्या अचूकतेचे आकडे काढा. मोटा (सुटलेल्या, खोट्या चौकटी आणि क्रमांकांचे बदल एकत्र मोजणारा आकडा) एकट्यावर समाधान मानू नका. तीन मिनिटं, दहाचा दर, म्हणजे १८०० फ्रेम. प्रत्येकीत १२ माणसं धरली तर २१,६०० चौकटी. त्यात क्रमांक ६० वेळा बदलला तरी मोटा फक्त ०.२८ टक्क्याने घटतो. प्रत्यक्षात त्याच ६० बदलांनी बारा माणसांची बहात्तर करून ठेवली असतील. त्यासाठी आयडीएफ१ किंवा होटा हे दुसरे आकडे पाहा, ते ओळख किती टिकली तेही मोजतात. आणि दारावर एक माणूस हातात मोजणीयंत्र देऊन तासभर बसवा. यार्डातल्या लोकांना तोच आकडा पटतो.

माणसांचा मान

इथे माग ठेवला जातोय, हे दारावर मराठीत ठळक पाटीने लिहा. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची सोय जोडू नका. वरच्या एकाही कामाला ती लागत नाही. व्यक्तीच्या डिजिटल माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे, आणि ओळख पटेल असं चित्रण त्यात येतं. साठवायचे ते आकडे: वेळ, दार, आत किती, कुठे घनता किती. चाचणीच्या फिती काम झालं की पुसून टाका. कुठला हमाल किती वेळ टेकला, असा हिशोब या यंत्रणेकडून कुणी मागितला तर नकार द्या. वर पाहिलंच, पोतं उतरवताना क्रमांक बदलू शकतो. त्या आकड्यावर कुणाची मजुरी कापणं हा अन्याय आहे.

हंगामात काय पाहायचं

काच पुसताना कॅमेरा अर्धा अंश जरी हलला, तरी नऊ मीटरवर दृश्य आठ सेंटिमीटर सरकतं, आणि चित्रात ते १० पिक्सेल होतात. नकाशा आणि रेघा तेव्हापासून खोट्या. म्हणून चुन्याच्या खुणांवर नंतर ऑइलपेंटचे चार ठिपके कायमचे मारून ठेवा आणि त्यांच्या मूळ जागा चित्रावर फुलीने दाखवा. पुसणाऱ्याने शिडीवरून उतरल्यावर ठिपके फुल्यांखाली आहेत का, ते पडद्यावर पाहायचं. नसतील तर कॅमेरा हाताने परत बसवत बसू नका; चारही ठिपक्यांच्या नव्या जागा टिपा, नकाशा पुन्हा काढा आणि मोजणीच्या दोन्ही रेघा फरशीवरच्या त्यांच्या जुन्या जागी आहेत ना, ते बघा.